‘अजून एक घ्या हो!’ म्हणण्याआधी

मंडळाच्या डिसेंबरमधल्या डिनर-डान्सची तयारी सुरू झाली की कार्यकारिणीतल्या कोणाचा ना कोणाचा मला फोन येतोच. विचारायचे असते ते एवढेच, की इतक्या माणसांना किती बाटल्या लागतील आणि कुठून स्वस्त पडतील. दादरच्या केटरिंग कॉलेजातून शिकून मी इकडे आले आणि गेली बावीस वर्षे न्यू जर्सीत रेस्टॉरंटच्या धंद्यात आहे, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिकच आहे. बाटल्यांचा हिशेब मी सांगते. पण त्याच्यापुढचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, तो असा: ओतणार कोण? आणि जो ओतणार आहे, त्याला थांबता आणि थांबवता येते का?

हा प्रश्न मी उगाच काढत नाही. अमेरिकेत २०२३ साली १२,४२९ माणसे अशा अपघातांत मृत्युमुखी पडली, ज्यांत निदान एका चालकाच्या रक्तात ०.०८ टक्के किंवा त्याहून जास्त अल्कोहोल होते. रस्त्यावरच्या एकूण मृत्यूंपैकी हे साधारण तीस टक्के झाले. पोलीस पकडतात ते गाडी सुरू झाल्यावर. पण गाडी सुरू होण्यापूर्वी तासभर कोणीतरी त्या माणसाच्या हातात पेला दिलेला असतो. या देणाऱ्यालाच शिकवून तयार करावे, या विचारातून इथे वेटर आणि बारटेंडर यांच्यासाठी प्रशिक्षणाचे कार्यक्रम निघाले. आमच्या धंद्यातले लोक हे शिक्षण घेतात, पण आपल्या घरगुती पार्ट्यांत याची गंधवार्ता नसते. म्हणून हा लेख.

यातला सर्वांत परिचित कार्यक्रम ‘टिप्स’ या नावाचा. डॉ. मॉरिस चॅफेट्झ या मानसोपचारतज्ज्ञांनी तो १९८२ साली सुरू केला. मद्यपानाच्या प्रश्नावर संशोधन करणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचे ते पहिले संचालक होते. रेस्टॉरंटवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेचा ‘सर्व्हसेफ अल्कोहोल’ हाही बराच चालतो. ओरेगन राज्याने १९८५ साली कायदा करून हे शिक्षण सर्व वाढप्यांना सक्तीचे केले. त्याचा परिणाम काय झाला, हे पाहणारा एक अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला. रात्रीच्या वेळी एकच गाडी झाडावर, कठड्यावर किंवा खड्ड्यात जाऊन आदळली, तर बहुधा त्यात दारूचा हात असतो, म्हणून संशोधक असे अपघात मोजतात. ओरेगनमध्ये ते पहिल्या वर्षाअखेर ११ टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षाअखेर २३ टक्क्यांनी घटले होते. कॅलिफोर्नियाने २०२२ पासून हे प्रमाणपत्र सक्तीचे केले आहे. तिथे नोकरीला लागल्यापासून साठ दिवसांत ते मिळवावे लागते आणि दर तीन वर्षांनी नवे करावे लागते. कुठे सक्ती, कुठे ऐच्छिक, कुठे विम्याच्या हप्त्यात सूट, असे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत.

मात्र नुसते प्रमाणपत्र भिंतीवर लावून काही होत नाही, हेही सांगितले पाहिजे. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी झिंगल्याचे सोंग उत्तम वठवणारे नट दुकानांत आणि बारमध्ये पाठवून पाहिले. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत दर पाचांपैकी जवळजवळ चार वेळा त्यांना दारू मिळाली! कारण उघड आहे. वेटरची कमाई टिपवर, टिप बिलावर आणि बिल पेल्यांच्या संख्येवर. मालक पाठीशी नसेल तर गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणारा वेटर स्वतःच्याच खिशाला कात्री लावत असतो. आपल्या घरी तर टिपचाही प्रश्न नाही, तरी आपण ओततच राहतो, कारण आपल्याकडे आग्रह केला नाही तर यजमान कंजूष ठरतो. जिलबीच्या ताटावर शोभणारा आग्रह आपण जसाच्या तसा बाटलीवर आणून ठेवला आहे.

आता या वर्गात शिकवतात काय? पहिला धडा मोजण्याचा. या देशात ‘एक ड्रिंक’ म्हणजे सुमारे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. ते १२ औंस साध्या बिअरमध्ये, ५ औंस वाइनमध्ये किंवा दीड औंस व्हिस्कीत असते. दीड औंस म्हणजे ४४ मिलिलिटर. आपला ‘लार्ज’ पेग ६० मिलिलिटरचा, म्हणजे तोच सव्वा ड्रिंकहून जास्त झाला. बरे, घरी साठ तरी कोण मोजतो? हात सैल सुटला की ऐंशी-नव्वद सहज पडते, आणि पिणारा मात्र मनात ‘एक’च धरतो. ‘मी तीनच घेतले’ म्हणणारे काका अगदी प्रामाणिक असतात. त्यांचे तीन लार्ज म्हणजे इथल्या मापाने चारांहून थोडी जास्त ड्रिंक्स, आणि शरीर सर्वसाधारणपणे तासाला एकच ड्रिंक पचवते. आठ वाजता सुरुवात केलेली असली तर हिशेब बारा वाजून गेल्यावरच मिटतो. काळी कॉफी, गार पाण्याचा शिडकावा, लिंबू, यांनी माणूस जागा होतो, पण रक्तातले अल्कोहोल कमी होत नाही. ते काम फक्त घड्याळ करते. शिवाय शेवटचा पेला रक्तात पुरता चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. दारात बूट घालताना ठीकठाक वाटणारा माणूस टर्नपाइकवर पोचेपर्यंत वेगळा होतो, तो यामुळे. ‘निघता निघता एक’ हा सर्वांत वाईट पेला. बायकांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वजनाच्या पुरुषापेक्षा त्यांच्या रक्तात प्रमाण जास्त चढते, हेही ध्यानात असू द्यावे.

मोजायचे असेल तर एक नियम पाळावा लागतो: अर्धा भरलेला पेला पुन्हा भरायचा नाही. आमच्या वेटरांना हे पहिल्या दिवशी सांगतात. पेला संपू द्यायचा, तो उचलायचा, मग विचारायचे आणि हवा असेल तरच नवा आणायचा. आपल्या पार्टीत बरोबर उलटे होते. यजमान बाटली घेऊन फिरतात आणि बोलण्यात गुंतलेल्या पाहुण्याच्या हातातला पेला त्याच्या नकळत काठोकाठ करून पुढे सरकतात. मग त्या पाहुण्याला स्वतःलाच माहीत नसते की किती झाले.

दुसरा धडा लक्षणे ओळखण्याचा. ती चार टप्प्यांत सांगतात. आधी संकोच सुटतो, मग विवेक सुटतो, मग प्रतिसाद मंदावतो आणि सगळ्यांत शेवटी हातापायांचा ताळमेळ जातो. आपण साधारणपणे चौथ्या टप्प्याची वाट पाहतो. झोकांड्या जात नाहीत म्हणजे ‘शुद्धीत आहे’, असे समजतो. वास्तविक गाडी चालवायची क्षमता दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यावरच गेलेली असते. रोज पिणाऱ्याचे तर आणखी अवघड, त्याला चौथा टप्पा लपवण्याची सवय झालेली असते. म्हणून शिकवताना सांगतात की लक्षणांपेक्षा बदल पाहा. अबोल माणूस अचानक मोठ्याने बोलू लागला, एरवी हिशेबी असणारा सगळ्यांचे बिल द्यायला निघाला, सिगरेट पेटवून विसरला, तर थबका. (गाणी म्हणणे हे मात्र आपल्याकडे लक्षण धरता येत नाही. पाण्याच्या ग्लासावर रात्रभर नाट्यगीते गाणारे आपल्या मंडळात भरपूर आहेत.)

इथे आरोग्याची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण आपल्यात मधुमेही घरोघरी आहेत. रक्तातली साखर एकदम उतरली की माणूस घामाघूम होतो, अडखळत बोलतो, चिडतो, तोल जातो. बघणाऱ्याला वाटते, जास्त झाली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना रिकाम्या पोटी दारू घेतली तर नेमके हेच होऊ शकते. अशा माणसाला ‘झोपू दे जरा’ म्हणून वरच्या खोलीत एकटे टाकणे जिवावर बेतू शकते. घरात साखर तपासायचे यंत्र असेल तर लगेच तपासा. शुद्धीत असून गिळता येत असेल तर साखरेचे पाणी किंवा फळांचा रस द्या, आणि नीट जागा होत नसेल तर तोंडात काही न घालता ९११ ला फोन करा. सर्दीच्या आणि ॲलर्जीच्या झोप आणणाऱ्या गोळ्यांवर दारू घेतली तर पहिल्याच पेल्यात गाडी चालवायची लायकी संपते, हेही इथेच सांगून टाकते.

तिसरा धडा वेग कमी करण्याचा. मागणी आली तरी टेबलापाशी जरा उशिरा जायचे, न विचारता पाणी ठेवायचे, खायला काहीतरी आणायचे. पोटात अन्न असले की दारू रक्तात हळू जाते. याबाबतीत आपल्या पार्ट्यांचे वेळापत्रकच चुकीचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. सात वाजता पाहुणे, लगेच बाटली, सोबतीला चिवडा आणि शेंगदाणे (खारट पदार्थांनी तहान वाढते, हे प्रत्येक बारमालकाला ठाऊक असते), आणि जेवण साडेदहाला. जेवले की लगेच सगळे किल्ल्या शोधतात. म्हणजे ज्या अन्नाने मदत केली असती ते शेवटी, आणि ज्या दीड-दोन तासांत उतरली असती ते आधीच संपलेले. जेवण साडेआठला वाढा. बार साडेनऊला बंद करा. मग चहा, गप्पा, गाणी, पत्ते, काय हवे ते चालू द्या. आमच्या धंद्यातही शेवटची ऑर्डर ठरावीक वेळी घेतात आणि त्यावर कोणी रुसत नाही.

चौथा धडा सर्वांत कठीण, ‘नाही’ म्हणण्याचा. वेटरला शिकवतात की आधी मॅनेजरला सांगून ठेव, चारचौघांत बोलू नकोस, ‘तुम्हाला चढली आहे’ हे वाक्य कधी उच्चारू नकोस. दोष स्वतःकडे किंवा नियमाकडे घे. ‘मला आता देता येणार नाही, कॉफी आणू का?’ एवढेच. वाद घालायचा नाही आणि माघारही घ्यायची नाही. आणि त्याच्या मित्राने ‘माझ्यासाठी’ म्हणून मागितलेला पेला त्याच्याच हातात जाणार आहे, हे ओळखायचे.

घरी हे जास्त अवघड, कारण समोर गिऱ्हाईक नसते, भावजी असतात, नवऱ्याचे साहेब असतात, वयाने मोठे काका असतात. पण युक्ती तीच. काकांना बाजूला नेऊन, ‘काका, आता मी बार आवरला. तुमच्यासाठी वरची खोली तयार केली आहे, सकाळी पोहे खाऊन जा,’ असे म्हटले तर त्यांचा मान राहतो. मोठ्यांना पुतण्या-भाचीने सांगितलेले पुष्कळदा रुचते, समवयस्काने सांगितलेले नाही. भावजींना मात्र त्यांच्या मित्रानेच सांगावे. कोण कोणाला सांगणार, हे पार्टीच्या आधी नवरा-बायकोने ठरवून ठेवले की आयत्या वेळी एकमेकांकडे बघत बसावे लागत नाही.

‘एवढे सगळे यजमानाने का करायचे? पिणारा मोठा माणूस आहे, त्याचे तो बघेल,’ असे म्हणणारे असतात. त्यांच्यासाठी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८४ सालचा ‘केली विरुद्ध ग्विनेल’ हा खटला. एक गृहस्थ मित्राकडे गेले, तास-दोन तास बसले. मित्राचे म्हणणे, दोन-तीन स्कॉच झाल्या असतील. मित्र त्यांना गाडीपर्यंत सोडायला आला, बोलला, गाडी जाताना पाहिली. पंचवीसएक मिनिटांनी, पोचले का हे विचारायला त्याने फोन केला, तेव्हा कळले की त्यांची गाडी समोरून येणाऱ्या एका बाईंच्या गाडीवर आदळली आहे. बाई गंभीर जखमी होत्या. चालकाच्या रक्तात ०.२८६ टक्के अल्कोहोल निघाले, आणि बाईंच्या बाजूच्या तज्ज्ञाचे मत पडले की हे दोन-तीन पेल्यांचे नव्हे, तेरा पेल्यांचे काम आहे. ‘दोन-तीन’ आणि तेरा! पेले मोजले नाहीत की काय होते, ते यात दिसते. न्यायालयाने ठरवले की पाहुण्याला चढली आहे आणि तो गाडी चालवणार आहे हे माहीत असूनही पाजत राहणारा यजमान अशा अपघातातल्या जखमी त्रयस्थाला जबाबदार धरला जाऊ शकतो. बारमालकांची जबाबदारी तर १९५९ पासूनच मानली जात होती, आता ती दिवाणखान्यात आली. १९८७ साली राज्याने कायदा करून तिला मर्यादा घातल्या. ढोबळमानाने, समोर दिसत असलेल्या झिंगलेल्या माणसाला जाणूनबुजून पाजले असेल तर आजही यजमानावर दावा होऊ शकतो. एकवीस वर्षांखालच्या मुलांना पाजणे हा वेगळाच गुन्हा. ग्रॅज्युएशन पार्टीत ‘घरातच घेताहेत, बाहेर तर नाही ना’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे लक्षात ठेवावे. दुसऱ्यांची मुले आपल्या छपराखाली आली म्हणून कायदा बाहेर थांबत नाही. इतर राज्यांत यजमानाच्या जबाबदारीचे नियम वेगळे आहेत, आपापल्या राज्यापुरते विचारून घ्यावे.

न्यू जर्सीत आणखी एक जागा अशी आहे, जिथे आपण वारंवार जातो आणि जिथे बारटेंडर नसतो. इथे मद्याचे परवाने लोकसंख्येच्या प्रमाणात, साधारण तीन हजार वस्तीमागे एक, असे असल्यामुळे पुष्कळ रेस्टॉरंटांना परवानाच नसतो, आणि गिऱ्हाइके आपली बाटली घेऊन येतात. ओक ट्री रोडवर जाणाऱ्यांना हे सांगायला नको. कायद्याने अशा ठिकाणी फक्त वाइन आणि बिअर नेता येते, व्हिस्कीची बाटली नाही. मालकाने त्यासाठी वेगळे पैसे घ्यायचे नाहीत, आणि झिंगलेल्याला किंवा अल्पवयीनाला पिऊ द्यायचे नाही. पण आपली बाटली आपणच ओततो म्हटल्यावर मोजणारा कोणी उरत नाही. मुंजीच्या किंवा वाढदिवसाच्या मोठ्या पंगतीला असे ठिकाण घेतले असेल, तर घरातल्या एकाने न पिता त्या टेबलाचा वेटर व्हावे. (मुंजीला वाइन कशाला, हा प्रश्न मी संपादकांवर सोडते.)

आता पैशांचे. आपल्या घराच्या विम्यात जबाबदारीचे संरक्षण असते, आणि फुकट पाहुणचाराला ते बहुधा लागू होते, पण किती रकमेपर्यंत, हे पॉलिसी काढून वाचा. गंभीर दुखापतीच्या दाव्यापुढे दोन-तीन लाख डॉलर काहीच नाहीत. वरून दहा लाखांची ‘अंब्रेला’ पॉलिसी घेतली तर वर्षाचा हप्ता एका मोठ्या पार्टीच्या खर्चाहून जास्त नसतो. मंडळासाठी गोष्ट निराळी. तिकिटाच्या किमतीत पेये धरली की ती विक्रीच झाली. मग परवानाधारक हॉलचा बार तरी हवा, नाहीतर ना-नफा संस्थांना मिळणारा ‘सोशल अफेअर’ परवाना तरी. आणि मद्यविक्रीची जबाबदारी साध्या विम्यात बहुतेक वगळलेली असते. हॉलवाल्याकडून त्यांचे बारटेंडर प्रशिक्षित आहेत का, हे लेखी घ्या. आपल्याच एखाद्या उत्साही स्वयंसेवकाला बारमागे उभे करू नका.

पिऊन गाडी चालवणाऱ्याचा हिशेब तर फारच महाग. दंड, वकील, गाडीत बसवावे लागणारे श्वास तपासायचे यंत्र, आणि न्यू जर्सीत वर्षाला हजार डॉलरप्रमाणे तीन वर्षे अधिभार. आपल्यापैकी जे अजून व्हिसावर आहेत त्यांनी आणखी एक ऐकावे. २०१५ पासून परराष्ट्र खात्याचे धोरण असे, की अशा प्रकरणी नुसती अटक झाली तरी, निकाल लागण्यापूर्वीच, व्हिसा रद्द होऊ शकतो. मग भारतात आईवडिलांना भेटायला गेलेल्या माणसाला परतण्यासाठी पुन्हा वकिलातीच्या दारात उभे राहावे लागते. आणि नागरिकत्वाच्या अर्जात, विचारात घेतल्या जाणाऱ्या वर्षांत असे दोन गुन्हे शाबीत झालेले असले, तर चारित्र्य चांगले नाही असेच गृहीत धरून सुरुवात होते. असा निर्णय २०१९ साली ॲटर्नी जनरलने दिला.

घरी जाणाऱ्याला थांबवले आणि तो ऐकला नाही, तर? वेटरला सांगतात की गाडीचा नंबर आणि दिशा टिपून घे आणि पोलिसांना फोन कर. घरच्या पाहुण्याबाबत हे करायला धीर होत नाही, म्हणून किल्ल्या आधीच घेणे बरे. थंडीत कोट आत ठेवतो, तशाच किल्ल्याही एका वाडग्यात घ्याव्यात. राइडसाठी फोनवरून गाडी मागवणे आता दोन मिनिटांचे काम आहे, आणि तिचे पैसे यजमानाने दिले तर पाहुणा सहसा नाही म्हणत नाही. ‘वहिनी चालवतील’ हे गृहीत मात्र धरू नका. वहिनींना आधी विचारा. त्यांनाही कधी एखादा पेला घ्यावासा वाटतो, आणि रात्री अकराला पावसात गार्डन स्टेट पार्कवेवर गाडी घालायची सवय सगळ्यांनाच नसते.

नुसते घरी पोचवून भागत नाही, हे न्यू जर्सीने २००० साली फार मोठी किंमत देऊन पाहिले. त्या जुलैत पोलिसांनी पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसाला पकडले आणि मित्राच्या हवाली केले. मित्राने त्याला परत त्याच्याच गाडीपाशी आणून सोडले. थोड्याच वेळात त्याच्या गाडीच्या धडकेत जॉन एलियट हा नौदलातला तरुण अधिकारी मरण पावला. तो आईच्या वाढदिवसासाठी घरी येत होता. २००१ साली झालेल्या ‘जॉन्स लॉ’मुळे पोलिसांना अशी गाडी बारा तास अडकवून ठेवता येते. एलियट कुटुंबाने काढलेली ‘हीरो’ मोहीम बार आणि रेस्टॉरंटांना सांगते की ज्याच्यावर गाडी चालवायची पाळी आहे, त्याला सोडा, रस, कॉफी फुकट द्या. आमच्याकडे तसे करतात. पुढच्या डिनर-डान्सला त्यांच्यासाठी वेगळे टेबल ठेवावे आणि तिथे सोलकढी, पन्हे आणि मसाला दूध असावे, असे मी कार्यकारिणीला कळवले आहे. सोलकढी करायला दोन जणी तयार आहेत, आमसुले कोणी भारतातून आणली असतील तर मला फोन करावा.